मौतम: बांबूचं फळ, उंदीर आणि भाताचं वेळापत्रक

२००७चा पावसाळा सरत आला तेव्हा मिझोरामच्या डोंगरउतारांवर भाताच्या लोंब्या भरू लागल्या होत्या, आणि त्याच सुमारास बांबूच्या रानातून उंदीर शेतांत उतरले. संध्याकाळी उभं असलेलं पीक सकाळी आडवं, लोंब्या कुरतडलेल्या, दाणा नाही. कुणाचं निम्मं गेलं, कुणाच्या हाती पेरलेलं बियाणंही परत आलं नाही. या संकटाला मिझो भाषेत जुनं नाव आहे: मौतम. 'मौ' म्हणजे बांबू आणि 'तम' म्हणजे दुष्काळ. बांबूचा दुष्काळ, पण बांबू कमी पडल्याने येणारा दुष्काळ नव्हे. बांबूला फळ धरलं की माणसाचं भात जातं, म्हणून हे नाव.

या प्रकरणात मला सगळ्यात विचित्र वाटते ती गोष्ट अशी की हे होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. टोळधाड किंवा पूर यांची चाहूल फार तर काही दिवस आधी लागते. मौतमची तारीख म्हाताऱ्यांना तोंडपाठ होती. सरकारने योजना आखली होती, उंदीर मारायला इनाम लावलं होतं, लष्कराचीही मदत घेतली होती. तरी पीक गेलं. असं का झालं, याचं उत्तर शोधायचं तर उंदीर किती होते यापेक्षा ते कधी, कुठे आणि काय खात होते हे पाहावं लागतं. संख्येवर सगळ्यांचं लक्ष होतं. वेळेवर फार थोड्यांचं.

शेत आणि रान, एकाच जमिनीची दोन वयं

मिझोराम सुमारे २१,००० चौरस किलोमीटरचं राज्य. उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा, मधे खोल दऱ्या, सपाट जमीन नावापुरती. अशा जागी शेती चालते ती झूमची, म्हणजे फिरती. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या उतारावरची झाडी तोडायची, ती वाळू द्यायची, मार्चच्या आसपास जाळायची. तोड संपली आणि जाळणं बाकी आहे, त्या मोकळ्या दिवसांत चपचार कूट हा सण येतो. पहिल्या पावसाबरोबर राखेत भात टोकायचं, सोबत मका, भोपळा, काकडी, मिरची. मका पावसाळ्यातच हाती येतो, भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एकदोन वर्षं पीक घेतलं की ती जमीन सोडून पुढचा उतार.

सोडलेल्या जमिनीवर आधी तण येतं, मग झुडपं, आणि मग बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट सगळं व्यापून टाकते: मौताक नावाचा बांबू. वनस्पतिशास्त्रात याचं नाव मेलोकॅना बॅसिफेरा. आपल्या डोळ्यांसमोर बांबू म्हटलं की दाट बेट येतं, पण मौताकचं तसं नाही. त्याचं जमिनीखालचं खोड लांब लांब धावतं आणि वर एकेक काठी सुटी सुटी उगवते. आग वरची काठी जाळते, खालचं खोड वाचतं. त्यामुळे जिथे तोड आणि जाळ वारंवार होते तिथे झाडं मागे पडतात आणि मौताक पुढे सरकतो. पूर्वी एका उताराला पुन्हा हात लागायला बरीच वर्षं जात. लोकसंख्या वाढली तशी ही विश्रांती आखडत गेली, आणि झाडांना डोकं वर काढायला जी उसंत लागते तीच गेली.

हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. बाहेरचा माणूस नकाशावर 'जंगल' आणि 'शेत' असे दोन रंग भरतो. मिझोरामच्या उतारावर ते एकाच जमिनीचे दोन टप्पे आहेत, आणि बांबूचं हे अफाट रान बऱ्याच अंशी शेतीनेच वाढवलेलं आहे. उंदराला तर त्याचा हिशेब अगदी सोपा. आज भात आहे तिथे दाणे, पुढच्या वर्षी झुडपं वाढली की आडोसा, आणखी काही वर्षांनी बांबूची सावली. तो या सगळ्या तुकड्यांमधून वर्षभर फिरत असतो. रानातला उंदीर शेतावर 'चाल करून येतो' ही भाषा मला म्हणूनच खटकते. पण मौतमच्या साली दृश्य तसंच दिसतं हेही खरं.

अठ्ठेचाळीस वर्षांचं घड्याळ

मौताक सुमारे ४८ वर्षांनी एकदा फुलतो. नोंदी पाहा: १८६२-६३च्या सुमाराचा एक मौतम, मग १९११-१२, मग १९५८-५९, मग २००६-०७. फुलला की फळतो, फळला की मरतो. डोंगरच्या डोंगर पिवळे पडून वाळून जातात.

याच्या जोडीला दुसरं घड्याळ आहे, रॉथिंग नावाच्या बांबूचं, म्हणजे बॅम्बुसा टुल्डाचं. तो फुलला की येणाऱ्या टंचाईला थिंगतम म्हणतात. १९२९ आणि १९७७ ही त्याची साल. दोन्ही यादी शेजारी मांडल्या की एक लय दिसते: मौतमनंतर १८ वर्षांनी थिंगतम, थिंगतमनंतर ३० वर्षांनी मौतम. कुठल्याही कागदाशिवाय ही लय लोकांनी आठवणीत ठेवली होती. रॉथिंगचं रान मौताकइतकं पसरलेलं नाही, त्यामुळे थिंगतमचा तडाखा तुलनेने हलका बसतो.

आता फळाकडे येऊ, कारण सगळं त्याच्यापाशी अडलं आहे. बांबू हे गवत आहे, भाताचा चुलतभाऊ. बहुतेक बांबूंचं बी भाताच्या दाण्यासारखंच दिसतं. मौताकने मात्र गवताच्या घराण्यात फार थोड्यांनी केलेली गोष्ट केली. त्याचं फळ पेरूसारखं किंवा चोच असलेल्या मोठ्या कांद्यासारखं, मुठीत मावेल न मावेल एवढं, गरदार. सगळ्या गवतांमध्ये सर्वांत मोठं. ते थांबत नाही. साधं बी जमिनीत महिनोन् महिने पडून राहू शकतं. हे फळ पडलं की रुजायला लागतं, कधी कधी तर फांदीवर असतानाच त्याला कोंब फुटतो. फुलोरा हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो, फळं उन्हाळ्यात मोठी होऊन पावसाच्या आगेमागे पडतात आणि पावसाने ती झपाट्याने रुजतात. एका हेक्टरात ही फळं टनांनी पडतात. उतारावरून ती गडगडत येऊन ओढ्यांच्या कडेला ढीग होतात.

इतकी वर्षं थांबून एकदम सगळ्यांनी का फुलायचं? याचं सर्वांत पटणारं उत्तर अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६मध्ये मांडलं. दरवर्षी थोडं थोडं बी धरलं तर खाणारे दरवर्षी ते संपवतील. अर्धं शतक काहीच दिलं नाही तर खाणाऱ्यांची संख्या कमीच राहते, आणि मग एकाच हंगामात इतकं ओतायचं की त्यांची पोटं फुटायची वेळ आली तरी भरपूर उरावं. ही चाल बांबूच्या बाजूने यशस्वी आहे. किती फळं उंदरांनी खाल्ली हे बघायला गेलं की माणूस चकित होतो, पण त्यापुढच्या पावसाळ्यात उतार कोंबांनी हिरवे झालेले असतात. उंदीर या खेळात जिंकत नाही. तो फक्त काही महिने जिंकल्यासारखा दिसतो, आणि ते महिने माणसाला महागात पडतात.

सगळा मौताक एका महिन्यात फुलतो असंही नाही. मिझोराम, शेजारचं मणिपूर आणि त्रिपुरा, म्यानमारचं चिन राज्य, बांगलादेशातला चितगावचा डोंगरी भाग या पट्ट्यात साधारण २००५पासून २००९पर्यंत फुलोऱ्याची लाट सरकत राहिली. मिझोराममध्ये तिचा मोठा भाग २००६-०७च्या हिवाळ्यातला. चितगावच्या डोंगरांत उंदरांचा कहर २००८मध्ये झाला.

उंदीर काय करतो

मिझोरामच्या रानात आणि शेतात उंदरांच्या अनेक जाती आहेत. मौतममध्ये पुढे असतो तो काळा उंदीर, रॅटस रॅटस आणि त्याचे जवळचे भाऊबंद. हाच घराच्या आढ्यावर धावणारा, झाडावर सहज चढणारा उंदीर. त्याला घर, शेत, झुडपं, बांबू, काहीही चालतं, आणि हीच त्याची ताकद. घुशीसारख्या जमीन पोखरणाऱ्या जाती शेतात जास्त रमतात. दाट जंगलातले उंदीर शेताकडे फारसे फिरकत नाहीत. काळा उंदीर दोन्हीकडचा.

साध्या वर्षी त्याची संख्या अन्नाच्या तालावर हलते. भात भरायला लागलं की खाणं वाढतं, विण वाढते. कापणी झाली की सांडलेल्या दाण्यांवर थोडे दिवस निघतात, मग कोरडा, उपाशी काळ सुरू होतो. डिसेंबर ते एप्रिल हा उंदराचा दुष्काळ. या महिन्यांत माद्या विणत नाहीत किंवा विणल्या तरी पिल्लं जगत नाहीत, दुबळे मरतात, घुबडं, साप, रानमांजरं उरलेल्यांना हेरतात. पाऊस पडेतो संख्या पुन्हा खाली. आशियातल्या भातशेतीत उंदरांमुळे कापणीपूर्वी होणारं नुकसान मलेशियात ५ टक्क्यांच्या आसपास, तर इंडोनेशियात १७ टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज १९९०च्या दशकात मांडले गेले. म्हणजे उंदराचा कर दरवर्षी भरावाच लागतो. शेतकरी तो गृहीत धरून पेरतो.

मौतम हा उपाशी काळच पुसून टाकतो. फळं पिकू लागतात ती नेमकी त्या महिन्यांत, ज्या महिन्यांत एरवी उंदीर मरायचे. विण थांबण्याऐवजी चालू राहते.

इथे एक जुनी समजूत आहे, आजही सांगितली जाते: बांबूच्या फळात असं काही असतं की ते खाल्ल्याने उंदरांची प्रजननशक्ती वाढते. मला ही समजूत अनावश्यक वाटते. काळ्या उंदराची गर्भावस्था २१ ते २३ दिवसांची. पिल्लं सहा-आठ. दोन-तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः विणायच्या वयाची. ज्या प्राण्याचा पिंडच असा आहे, त्याला जादूचं औषध कशाला हवं? रोखून धरणारा हात बाजूला झाला की पुरे. ऑस्ट्रेलियाचे सस्तनप्राणीतज्ज्ञ केन ॲप्लिन आणि मिझोरामच्या कृषी खात्यातले जेम्स लालसियामलियाना यांनी या मौतममध्ये रानातल्या आणि शेतातल्या उंदरांचा मागोवा घेतला. उंदरांना जाती, वय, विण आणि अन्न यांच्या हिशेबात बसवून पाहणारं असं काम आधीच्या कोणत्याही मौतमच्या वेळी झालं नव्हतं.

पाटीवरचं एक गणित करून पाहू. आकडे समजावण्यापुरते आहेत, मोजलेले नाहीत. समजा भरपूर खाण्यामुळे उंदरांची संख्या दर तीन महिन्यांनी तिप्पट होते. हा वेग उंदरांच्या मानाने संयमाचाच आहे. फेब्रुवारीत १०० असतील तर मे महिन्यात ३००, ऑगस्टमध्ये ९००, नोव्हेंबरात २७००. नऊ महिन्यांत सत्तावीसपट. पिल्लांची संख्या यात वाढवलेलीच नाही. फक्त एरवी मरणारी जगली आणि एरवी थांबणाऱ्या माद्या थांबल्या नाहीत.

फळ संपतं तेव्हा

या प्रकरणाची कळ इथे आहे, आणि बहुतेक वर्णनांत ती घाईने उरकली जाते. लोक म्हणतात, बांबू फळला म्हणून उंदीर वाढले आणि त्यांनी भात खाल्लं. पण रानात फळांचा खच पडलेला असताना उंदराने उघड्या शेतात येऊन घुबडाच्या पंजात का सापडावं? तो येतो फळ संपल्यावर. जोरदार पावसात फळं रुजतात, गरातला साठा कोंबाला जातो, आणि ज्या जमिनीवर महिन्यापूर्वी हेक्टरी टनांनी अन्न होतं तिथे उरतात कोंब आणि सालं. उंदरांची संख्या तेव्हा शिखरावर असते. त्यांच्यात तरुण, अननुभवी, भटकायच्या वयाचे सर्वाधिक.

जुलै-ऑगस्टमध्ये शेतात भात अजून हिरवं, पण मका तयार होत असतो. मिझो लोकांचा मीम कूट हा मक्याच्या पिकाचा सण याच दिवसांतला. पहिला फटका त्याला. काही ठिकाणी त्याआधीच टोकलेलं बी उकरून खाल्लं जातं. मग लोंब्यांत दूध भरलं की भात. जे शेत आजूबाजूच्या शेतांआधी पिकतं त्याचं सगळं जातं, कारण परिसरातल्या साऱ्या उपाशी तोंडांना ते एकच ताट असतं. उशिरा पिकणाऱ्याचंही जातं, कारण शेवटचं ताट तेच. मधल्यांचं काही वाचतं.

फळ आणि भात यांच्या मधली ही रिकामी फट किती दिवसांची, यावर गावाचं नशीब ठरतं असं मला वाटतं. फट मोठी असेल तर उंदीर रानातच उपासाने मरतात, एकमेकांची पिल्लं खातात. फट छोटी असेल तर फळावर वाढलेली सगळी फौज भातापर्यंत जिवंत पोहोचते. फळ कधी पडलं, पाऊस कधी लागला, भाताचं वाण किती दिवसांचं, या तीन तारखांवर फट ठरते; आणि फुलोरा दरीदरीत थोडा मागेपुढे असल्याने शेजारच्या दोन गावांची गत निराळी होऊ शकते.

भात संपलं की उंदीरही संपतात, आणि तेही बघता बघता. नव्या वर्षापर्यंत रान शांत. उंदीर गेले कुठे, हा प्रश्न दर मौतमनंतर विचारला जातो. ते कुठेही गेलेले नसतात. मेलेले असतात.

१९५८ची दुर्लक्षित सूचना

त्या वेळी हा प्रदेश आसाममधला मिझो जिल्हा होता. बांबू फुलायला लागल्यावर ऑक्टोबर १९५८मध्ये मिझो जिल्हा परिषदेने दुष्काळ येत असल्याचा ठराव करून मदत मागितली. आसाम सरकारने ती आदिवासींची अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवली. दुष्काळ आला. उंदराच्या शेपटीमागे ४० पैसे इनाम होतं, सुमारे २० लाख उंदीर मारले गेल्याचं सांगतात, आणि भात तरीही गेलं.

पुढचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. मदतीसाठी उभी राहिलेली मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट ऑक्टोबर १९६१मध्ये नाव बदलून मिझो नॅशनल फ्रंट झाली, लालडेंगा तिचे नेते. मार्च १९६६मध्ये बंड, ऐझॉलवर हवाई दलाचा बॉम्बवर्षाव, वीस वर्षांचा सशस्त्र संघर्ष आणि ३० जून १९८६चा करार. बंडाला इतरही कारणं होती. सगळं खापर उंदरांवर फोडणं हा इतिहासाचा आळस आहे. पण परिसंस्थेबद्दलचं स्थानिक ज्ञान धुडकावण्याची किंमत याहून मोठी मोजली गेल्याचं उदाहरण मला तरी आठवत नाही.

या खेपेची तयारी

२००६-०७मध्ये मुख्यमंत्री होते झोरामथंगा, त्याच मिझो नॅशनल फ्रंटचे, एकेकाळी लालडेंगांसोबत जंगलात राहिलेले. मौतम थट्टेवारी नेण्याचा प्रश्नच नव्हता. बांबू फुलोरा आणि दुष्काळ यांच्याशी मुकाबला करणारी योजना दोनेक वर्षं आधीपासून चालू होती. तीत भाताऐवजी आलं, हळद अशी उंदीर न खाणारी पिकं घेण्याचा आग्रह होता, फुलण्याआधी बांबू तोडून विकण्याचा विचार होता, विषारी आमिषं होती, आणि शेपटीमागे इनाम होतंच, आता २ रुपये.

यातलं बांबू तोडणं मला कागदी वाटतं. हजारो चौरस किलोमीटरचं, रस्ता नसलेल्या दऱ्यांतलं रान किती तोडणार? शिवाय काठी तोडली तरी जमिनीखालचं खोड त्याच घड्याळावर चालतं. आलं-हळदीची कल्पना चांगली, उंदराच्या सवयी समजून केलेली. तिची अडचण परिसंस्थेत नाही, चुलीत आहे: आलं विकून तांदूळ आणायचा तर रस्ता हवा, बाजार हवा, आणि सगळ्या गावाने एकाच साली आलं लावलं तर घेणारा हवा.

इनामाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण जगभर उंदरांचा प्रश्न आला की सरकारांना शेपट्या मोजायची हुक्की येते. वरचं पाटीवरचं गणित पुन्हा घ्या. नोव्हेंबरात १००० शेपट्या गोळा झाल्या तर २७००पैकी १७०० उंदीर उरतात आणि पीक तोवर गेलेलं असतं. तेवढाच परिणाम साधायला फेब्रुवारीत फक्त ३७ उंदीर मारावे लागले असते, कारण त्या ३७चे नोव्हेंबरात ९९९ झाले असते. शेपट्यांचा ढीग मात्र नोव्हेंबरातच मोठा दिसतो. छायाचित्र छान येतं. वरातीमागून घोडं हाकतात तसं हे इनाम नेहमी संख्येच्या मागे धावतं: उंदीर दिसू लागले की लोक मारू लागतात, आणि उंदीर दिसू लागणं हीच उशीर झाल्याची खूण असते.

अर्थात हे म्हणणं सोपं आहे. फेब्रुवारीतले ते ३७ उंदीर अख्ख्या डोंगरात विखुरलेले असतात; त्यांना शोधून मारणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. आणि फळं पडू लागली की विषाच्या आमिषाकडे उंदीर ढुंकून पाहत नाही, समोर पंचपक्वान्न असताना. झिंक फॉस्फाइड या उंदीर मारायच्या विषाची आणखी एक गोम आहे: अर्धवट मात्रा खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. रक्त गोठू न देणारी विषं हळू काम करतात, त्यामुळे ही शंका उंदराला येत नाही, पण विष पोटात असलेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं. मिझोरामच्या काही भागांत रानउंदीर माणसंही खातात. एका हाताने विष वाटायचं आणि दुसऱ्या हाताने लोकांना उंदीर पकडायला सांगायचं, या दोन गोष्टी एका गावात नांदत नाहीत.

शत्रूंवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नव्हता. घुबड किंवा रानमांजर वर्षातून एखाद्या वेळी विणतात. साध्या वर्षी, उंदीर थोडे असताना, ते त्यांना थोडेच ठेवायला मदत करतात, आणि तेवढ्यासाठी त्यांची कदर व्हायला हवी. सत्तावीसपट वाढीपुढे त्यांचं काही चालत नाही.

मग उपयोगाचं काय ठरलं? माझ्या मते सगळ्यात कमी रोमांचक गोष्ट: तांदूळ. १९५९मध्ये जे झालं नाही ते या खेपेला झालं, बाहेरून धान्य आलं, रेशनची यंत्रणा होती, आणि पीक मोठ्या प्रमाणावर जाऊनही मिझोराममध्ये जुन्या मौतमसारखी मनुष्यहानी झाली नाही. उंदरांशी लढून हे साधलं नाही. एका हंगामाचं पीक जाणार हे धरून चालल्यामुळे साधलं. सीमेपलीकडे चिन राज्यात, जिथे अशी यंत्रणा नव्हती, तीच फळं आणि तेच उंदीर असून लोकांचे हाल जास्त झाले.

दुसरीकडचे मौतम

हे नाटक एकट्या मिझोरामचं नाही. दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात चुस्केआ जातीचे बांबू फुलले की उंदरांचा असाच पूर येतो. तिथे त्याला 'रातादा' म्हणतात, आणि त्या उंदरांमार्फत हंटा विषाणू पसरण्याची भीती असते. न्यूझीलंडच्या बीच वृक्षांच्या जंगलात भरघोस बी येणाऱ्या साली उंदीर वाढतात, त्यांच्यामागे स्टोट हा शिकारी वाढतो, आणि बी संपल्यावर दोघेही स्थानिक पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतात. न्यूझीलंडने यातून एक सवय लावून घेतली आहे: बी किती येणार याचा अंदाज आधीच घ्यायचा आणि नियंत्रणाचं काम त्यानुसार आखायचं.

तीच सवय मिझोरामच्या बाबतीत लावायची तर काय दिसतं? फुलोरा हिवाळ्यात दिसतो आणि भात जातं ऑक्टोबरात. मधे आठ-दहा महिने आहेत. कुठल्या दरीत फळ धरलंय, ते कधी पडू लागलं, कधी रुजून संपलं, एवढं गावोगाव टिपलं तर फट किती आहे हे पेरणीआधी नाही तरी मका पिकेपर्यंत कळू शकतं. गावाने एकाच मुदतीचं वाण एकदम पेरलं तर कुणा एकाचं शेत ताट बनत नाही. शेताभोवती बांबूचं कुंपण घालून त्यात ठेवलेल्या फटींत सापळे लावण्याची या डोंगरांतली जुनी रीत आहे. ती मला इनामापेक्षा शहाणी वाटते, कारण ती शेताच्या कडेवर, उंदीर रानातून येतो त्या वाटेवर काम करते. मौतमच्या ऐन लोंढ्यात कुंपण टिकणार नाही. पण ज्या दरीत फट मोठी आहे आणि थकलेले, थोडेच उंदीर भातापर्यंत येणार आहेत, तिथे ते पीक वाचवू शकतं. सगळीकडे सारखा उपाय लावण्यात २००७ची बरीच ताकद वाया गेली.

आणि साधी वर्षं. मौतमची वर्णनं मौतमच्या सालचीच असतात. त्याआधीच्या पन्नास वर्षांत रानात किती उंदीर होते, पडीक झुडपात किती, शेतात किती, याच्या सलग नोंदी असल्या तरच वाढ कुठून सुरू झाली हे दाखवता येईल. थोडे सापळे, एकच जागा, वर्षातून चार वेळा, पकडलेल्या प्रत्येक मादीची विण पाहायची. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला कधी इनाम लागलेलं नाही.

२००७च्या फळांतून उगवलेला मौताक आता पुन्हा डोंगर झाकून उभा आहे. १८ आणि ३०च्या लयीप्रमाणे थिंगतमची पाळी २०२५च्या आसपासची, आणि त्यानंतरचा मौतम २०५५च्या सुमाराचा. फुलोरा त्याआधीच्या हिवाळ्यात दिसू लागेल. तेव्हाच्या उंदरांची तुलना कशाशी तरी करायची असेल, तर ते सापळे २०५४मध्ये लावून चालणार नाही.